भिंतीपलीकडचं कपाट

थर्मामीटरकाकांनी एखाद्या मुलाच्या कपाळाला हात लावून ‘घरी पाठवा’ म्हटलं, की त्याला घरी पाठवायचं, हा आमच्या शाळेचा अलिखित नियम होता. हात म्हणजे तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. सकाळी फाटकाशी उभे राहून ते आत येणाऱ्या मुलांकडे नुसतं बघत असत. एखादं मलूल दिसलं, की बोटांच्या पेरांनी त्याचं कपाळ बघत. एकदा मी मुद्दाम खरा थर्मामीटर आणून पडताळा घेतला. दुसऱ्याला खोटं पाडायची खोड मला आहे, ती आईकडून आली. काका म्हणाले, शंभराच्या जरासा वर. थर्मामीटर म्हणाला, शंभर पूर्णांक चार. मी तो मुकाट्यानं डबीत घातला.

हुद्द्यानं ते प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, सर मागतील ते हातात द्यायचं आणि स्फोट झालाच तर झाडून काढायचं. शेवटचा विनोद त्यांचाच, पण तो करताना ते हसत नसत. नोकरीच्या पहिल्या वर्षात त्यांना आम्लाच्या एका बाटलीचं बूच वर आलेलं दिसलं होतं. सर घाईत होते. आपण लहान तोंडी मोठा घास कशाला घ्या, म्हणून ते गप्प बसले. त्या दिवशी सरांचा डावा डोळा गेला. तेव्हापासून काका कुणाच्या घाईला भीक घालत नसत. जाता-येता प्रत्येक कपाटाला, बाटलीला, विजेच्या बटणाला हाताची मागची बाजू लावायची, ही सवय त्या दिवसाची. त्यांची बायको शिवणकाम करायची आणि तोंडानं सुईपेक्षा तेज होती. ती म्हणायची, “घरी आले की आधी इस्त्रीला हात, मग शेगडीला. वेळ उरलाच तर माझ्याकडे बघतील.”

मी पहिलीची बाई. माझा वर्ग तळमजल्यावर, रस्त्याच्या कोपऱ्याला. वर्गाला लागून एक अरुंद खोली होती, तिच्यात फाटके नकाशे आणि मोडके बाक पडलेले असत. सहा वर्षांपूर्वी ते सगळं बाहेर काढून तिथे एक लोखंडी कपाट आणलं आणि कपाटात एकशेवीस टॅब. कपाट नेमकं कोपऱ्यात बसवलं. एक बाजू रस्त्याच्या भिंतीला, दुसरी माझ्या वर्गाच्या.

त्या दिवशी फीत कापली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, भाषण केलं. कंपनीचा टायवाला माणूस म्हणाला, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आम्ही शिक्षक मंडळी मिठाची गुळणी धरून बसलो. मागून काकांनी हात वर केला.

“साहेब, ह्यांचं म्हातारपण कोण बघणार?”

सगळे हसले. मीही हसले.

“काका, पाच वर्षं काही होत नाही ह्यांना.”

“आणि सहाव्या वर्षी?”

“तोवर नवीन येतील की!”

“मग ह्या जुन्यांना ठेवायचं कुठे?”

साहेब घड्याळाकडे बघायला लागले, आणि मोठ्या बाईंनी आभार मानून टाकले.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, हे कबूल करायला हवं. माझ्या वर्गात बोलताना अडखळणारी एक मुलगी होती. ती टॅबवर आपल्याच आवाजात गोष्ट भरायची आणि कोपऱ्यात बसून पुन्हा पुन्हा ऐकायची. वर्षअखेरीस तिनं सगळ्यांसमोर उभं राहून धडा वाचला, तेव्हा माझे डोळे भरून आले. आम्हाला शिकवायला एक हुशार प्रशिक्षक यायची. दुसऱ्या वर्षी तिचा करार संपला. तिसऱ्या वर्षी धडे उघडेनासे झाले. पडद्यावर ‘सदस्यत्व संपले आहे’ एवढंच यायचं. बॅटरी बदलून देणारा माणूस कुठे बसतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हौसेला मोल नाही म्हणतात; निगा राखायला इथे माणूसही नव्हता.

तरी टॅब सुरूच होते. कारण शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयात भिंतीवर एक मोठा पडदा होता, आणि त्यावर प्रत्येक शाळेच्या प्रत्येक टॅबचा एक ठिपका. टॅब वायरला जोडलेला आणि भरलेला असला की ठिपका हिरवा, नाहीतर लाल. त्या टॅबवर कोण काय शिकतं, हे पडदा दाखवत नसे. लाल ठिपका दिसला की मोठ्या बाईंना फोन येई. म्हणून कपाट कुलूपबंद आणि बटण कायम चालू, सुट्टीतसुद्धा. दोन वर्षं एकाही मुलाच्या हातात न गेलेले आमचे टॅब शंभर टक्के भरलेले असायचे. त्याबद्दल शाळेला प्रमाणपत्र मिळालं, ते शाळेच्या कार्यालयात काचेत लावलं होतं.

किल्ली काकांकडे होती. त्यांना हे बघवेना. त्यांनी वहीच्या पानावर एक योजना लिहून आणली. शाळेला झेपतील असे चाळीसच टॅब ठेवायचे, बाकीचे मागतील त्या शाळांना द्यायचे. दिवसा दोन तास, माणसासमोर भरायचे. कपाट व्हरांड्यात, हवेवर. धडे विकत घ्यायचे नाहीत, आपले आपण करायचे. अक्षर किरटं होतं म्हणून मी सुवाच्य करून दिलं. उत्तराची वाट न बघता काकांनी तीन महिने त्यातलं जमेल तेवढं केलंसुद्धा. चौथीच्या बाईंनी मुलांकडून आवारातल्या झाडांच्या पानांचे फोटो काढवून अख्खा धडा तयार केला. संध्याकाळी जाताना काका मुख्य बटण बंद करत, आणि वरच्या पडद्यावर आमची शाळा लाल होई.

मोठ्या बाईंनी बोलावलं तेव्हा मी हजेरीपट घेऊन तिथेच उभी होते.

“काका, शाळा लाल दिसतेय.”

“बाई, चोवीस तास खाऊ घातलं तर माणूससुद्धा फुगतो.”

“मला कळतं हो ते. वर कळत नाही. बटण बंद करायचं नाही.”

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. गरीब घरच्या मुलींची पुस्तकं त्या स्वतः आणून देत. त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेला माणूस कशावर सही करेल ह्याचा नेम नसतो. हे मी पुढे स्वतःवरून शिकले.

मग कपाटाला ताप यायला लागला. शब्द काकांचा. एका सकाळी त्यांनी मला बोलावून एक टॅब टेबलावर ठेवला आणि बोटानं टिचकी मारली. तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला. पाठ फुगून आली होती, काच एका कडेनं उचलली गेली होती. मला हसू आलं. काका हसले नाहीत.

“ह्याच्या पोटात वायू धरलाय. असे सात आहेत. बाई, ह्या भिंतीच्या पलीकडे काय?”

“माझा वर्ग.”

“ह्याच भिंतीला पलीकडून काय टांगलंय?”

“मुलांची दप्तरं.”

त्यांनी भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

त्यांनी तीन अर्ज केले. तिन्ही मी लिहिले. कच्चा मसुदा माझ्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर, पक्का कोऱ्या कागदावर. पण साठा नोंदवहीत रकाने दोनच होते, ‘चालू’ आणि ‘बंद’. फुगलेला टॅब हिरवा ठिपका दाखवत होता, म्हणजे चालू. चालू वस्तू मोडीत काढता येत नाही. बंद ठरवायची तर समिती यायला हवी, आणि समिती येईपर्यंत वस्तू जागच्या जागी हवी. मोठ्या बाईंनी अर्ज वाचले आणि पोचेचा शिक्का न मारता परत केले.

“शिक्का मारला की मला माहीत होतं असं होईल,” त्या म्हणाल्या.

काकांच्या निवृत्तीला तेव्हा अकरा महिने उरले होते. सेवापुस्तक कोरं करकरीत. चौतीस वर्षांत एक शेरा नाही. त्या पुस्तकाचा त्यांना अभिमान होता, आणि पेन्शनही त्याच्यावरच होती. बायको म्हणाली, “अकरा महिने डोळे मिटून बसा.” ते म्हणाले, “एकदा बसलो होतो.” ह्यावर तिनं शिवणयंत्र सुरू केलं, असं तिनंच मला सांगितलं.

फुगलेल्यांची संख्या एकोणीस झाली, तेव्हा काकांनी ते एकेक करून बाहेर काढले. मागच्या आवारात बंद पडलेल्या पंपाची खोली होती. तिथे एका लोखंडी पेटीत, आगीच्या बादल्यांतल्या वाळूत त्यांनी ते पुरून ठेवले. पेटीवर चिठ्ठी लावली: ‘उघडू नये.’ प्रयोगशाळेत चौतीस वर्षं त्यांनी अशाच चिठ्ठ्या लावल्या होत्या. पडद्यावर एकोणीस ठिपके लाल झाले. चौथ्या दिवशी तपासणीला माणसं आली आणि त्यांनी पहिल्यांदा पेटीच उघडली.

पंचनामा झाला. त्यात एक वाक्य होतं: ‘सदर कर्मचाऱ्याने उपकरणे परस्पर हलवून त्यांत छेडछाड केल्याचे दिसते.’ खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. माझा बदलीचा अर्ज तेव्हा मोठ्या बाईंच्या टेबलावर होता. आई दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळलेली, तिच्याजवळ कुणी नाही. मोठ्या बाईंनी बदलीचा शब्दही काढला नाही. फक्त माझा अर्ज उचलून बाजूला ठेवला आणि त्याच्याखालचा पंचनामा माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. माझ्या आयुष्यात मला कशाची लाज वाटत असेल तर त्या सहीची.

काकांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. चौकशी होईपर्यंत आवारात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला. जाताना ते माझ्या दारात थांबले. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. मी तयारीनं उभी राहिले.

“बाई, दप्तरं तरी दुसऱ्या भिंतीला टांगा,” एवढंच म्हणाले.

मी टांगली नाहीत. खिळे त्याच भिंतीला होते, आणि नवीन खिळे मारायला परवानगी लागते.

एकोणीस टॅब झाडून पुसून पुन्हा कपाटात ठेवले. अठरा हिरवे झाले. एक झाला नाही, तोही जोडूनच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून काका रस्त्यावर यायला लागले. शाळा भरायच्या आधी यायचे, त्या अरुंद खोलीच्या बाहेरच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावायचे, मग टाचा उंचावून वरच्या झरोक्याशी नाक न्यायचे. येणारे-जाणारे बघत. कुणी म्हणे, म्हाताऱ्याचा तोल गेलाय. माझी मुलं मात्र गंभीरपणे सांगत, “बाई, काका भिंतीचा ताप बघतात.” सगळं ठीक असलं की ते माझ्या खिडकीकडे बघून हात वर करत आणि निघून जात. मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत असे. असे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी एकदाही हात वर केला नाही.

त्या बुधवारी त्यांनी हात वर केला नाही. भिंतीशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले, कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. मग समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. मी पाहिलं आणि वजाबाकी सुरू केली. दुसऱ्या तासाला भिंतीजवळच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, नेलपॉलिशचा वास येतोय.” मी म्हटलं, “नाक पुस्तकात घाल.” तिच्या शेजारचा म्हणाला, “खरंच येतोय, गोड गोड.” मी त्यालाही गप्प केलं. फाटकाशी काहीतरी बाचाबाची ऐकू आली. पहारेकरी ‘हुकूम आहे’ म्हणत होता. मग काका माझ्या खिडकीच्या गजांशी दिसले. धापा टाकत होते.

“बाई, पोरं बाहेर काढा.”

“काका, तुम्ही इथे येऊ नका. तुमच्यावरच काहीतरी—”

“माझं राहू द्या. दप्तरंही राहू द्या. पोरं काढा!”

चौतीस वर्षांत ओरडलेले ते पहिल्यांदाच. मी का कुणास ठाऊक, वाद घातला नाही. अडतीस मुलं हात धरून मैदानात नेली, वाटेत शेजारच्या वर्गाचं दार बडवलं. काखेत टाचणवही होती. ती मात्र सवयीनं उचलली होती. मोठ्या बाई पायऱ्यांवर आल्या.

“कुणाच्या परवानगीनं वर्ग सोडलात?”

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात पहिला आवाज झाला. नंतरचे मोजता आले नाहीत. झरोक्यातून पांढरा धूर जोरानं बाहेर आला आणि रस्त्यावर पसरला. काका बाहेरूनच ओरडत होते, “तोंडावर कापड धरा! धुरात जाऊ नका!” खोलीची किल्ली संगणकाच्या सरांच्या खिशात होती आणि सर प्रशिक्षणाला गेले होते. बंब यायला अर्धा तास लागला. तोवर आग भिंत फोडून माझ्या वर्गात आली होती. मुलांपैकी कुणाला ओरखडाही आला नाही. अडतीस दप्तरं जळाली. दुसऱ्या दिवशी मी आत गेले तेव्हा भिंतीवर खिळ्यांची रांग तशीच होती, काळी, आणि खाली राख.

आठ दिवसांनी वरच्या कार्यालयात चौकशी सुरू झाली. काका बाहेर बाकावर बसले होते. मी आत गेले. अधिकारी सभ्य होता, आधी पाणी विचारलं. टेबलावर कंपनीचं पत्र होतं: छेडछाड न केल्यास उपकरणे सुरक्षित आहेत. त्यावर माझ्या सहीचा पंचनामा.

“वर्ग रिकामा करायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

“काकांनी.”

“तेव्हा धूर दिसत होता?”

“नाही.”

“आग?”

“नाही.”

“मग किती वेळानं स्फोट झाला?”

“चारेक मिनिटांनी.”

त्यानं ते लिहिलं आणि मान वर केली. “म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं.”

मी त्यांना वाचवायला खरं बोलायला आले होते, आणि माझं प्रत्येक खरं उत्तर त्यांच्यावरच उलटत होतं.

“त्यांच्या हाताला कळतं,” मी म्हटलं. हे किती वेडगळ ऐकू येतं, ते बोलल्यावर कळलं. “त्यांनी तीन अर्ज दिले होते.”

“पोच आहे?”

“शिक्का मारला नाही.”

“मग दिले कशावरून?”

मी टाचणवही पिशवीतून काढली आणि मागची पानं उघडली. त्यानं तिन्ही मसुदे वाचले, तारखा पाहिल्या, अक्षर पंचनाम्यावरच्या सहीशी ताडून पाहिलं. मग पेनचं टोपण लावलं.

“बाई, एक सांगू? तुमची बदली मंजूर झालीय, सोमवारी हुकूम निघेल. ही वही मी बघितलीच नाही असं समजतो. कारण ती इथे ठेवलीत, तर तुम्हाला सगळं माहीत असताना तुम्ही पंचनाम्यावर सही केलीत, असं होईल.”

“तसंच झालंय.”

“विचार करा.”

मी आईचा विचार केला. खोटं नाही सांगत, बराच वेळ केला. मग त्याच्यापुढचा जबाबाचा कागद माझ्याकडे ओढला आणि त्याच्या शेवटच्या ओळीखाली माझ्या हातानं लिहिलं: ‘त्यांना माहीत होते. मला माहीत होते. मुख्याध्यापिकांना माहीत होते. सांगितले फक्त त्यांनी. पंचनाम्यावरील माझी सही मी भीतीपोटी केली होती.’ सही केली, टाचणवही कागदावर ठेवली आणि उठले. तो ‘अहो बाई’ म्हणाला, पण मी थांबले नाही.

बाहेर काका बाकावर तसेच बसले होते, दोन्ही हात मांडीवर. माझा चेहरा बघून त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

“सही केलीत?”

“केली.”

“चालायचंच,” ते म्हणाले. “तुमच्या आई तिकडे एकट्या आहेत. मला राग नाही, बाई.”

मी कुठली सही केली ते सांगायला मी तोंड उघडलं. तोवर त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. व्हरांड्यात भिंतीला लागून नवीन खोकी रचलेली होती, एकावर एक, छतापर्यंत. कुठल्यावर आमच्या शाळेचं नाव, कुठल्यावर आसपासच्या शाळांचं. कार्यालयाच्या उघड्या दारातून तो मोठा पडदा दिसत होता. त्यावर आमच्या जागी एकशेवीस लाल ठिपके होते.

“सोमवारी पोचवणार म्हणतात,” काका म्हणाले. “तुम्ही असाल तोवर एवढं करा. ह्या वेळी कपाट मुलांच्या भिंतीला लावू देऊ नका.”

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, खोक्यांपाशी गेले आणि सगळ्यात खालच्या खोक्याला हाताची मागची बाजू लावली. मी बघत उभी राहिले.

“अजून गार आहेत,” ते म्हणाले.